तुतानखामूनच्या उत्तर भिंतीमागे खोली आहे का? रडारला काय दिसतं आणि काय दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा: राजांच्या दरीतल्या तुतानखामूनच्या थडग्यात रंगवलेल्या भिंतींमागे आणखी खोल्या आहेत आणि तिथे कदाचित राणी नेफरतिती पुरलेली आहे, असं २०१५ मध्ये मांडलं गेलं. त्याच वर्षी एका रडार पाहणीने ‘खोल्या आहेत’ म्हटलं, नंतरच्या दोघींनी ‘नाहीत’ म्हटलं, आणि २०२० मध्ये पुन्हा काहीतरी दिसल्याची बातमी आली. भिंत तीच, तंत्र तेच, मग उत्तरं वेगळी कशी?

माझं मत आधीच सांगतो. उत्तर आणि पश्चिम भिंतींमागे, रडारच्या टप्प्यात, हवेने भरलेली मोकळी खोली किंवा बोळ नाही. ही गोष्ट आता पुरेशा खात्रीने म्हणता येते. दगडाच्याच तुकड्यांनी ठासून भरलेला बोळ असू शकतो का, याचं उत्तर इतकं ठाम देता येत नाही, आणि ते का देता येत नाही हे समजलं की हा सगळा वाद उलगडतो.

आधी मूळ दावा नीट पाहू, कारण तो हवेतला नाही. फॅक्टम आर्टे या संस्थेने २००९ मध्ये दफनकक्षाच्या भिंतींचं त्रिमितीय स्कॅनिंग केलं. दर चौरस मीटरला १० कोटी बिंदू, म्हणजे दर ०.१ मिलिमीटरला एक मोजणी. थडग्याची हुबेहूब प्रतिकृती करण्यासाठी हे काम झालं आणि ती प्रतिकृती २०१४ पासून लक्सरच्या पश्चिम काठावर उभी आहे. याच स्कॅनमधून रंग वजा केला की नुसता पृष्ठभाग उरतो. इजिप्तचे अभ्यासक निकोलस रीव्ह्ज यांना त्या बिनरंगी प्रतिमांत उत्तर आणि पश्चिम भिंतींवर सरळ उभ्या-आडव्या रेषा दिसल्या. उत्तर भिंतीवरची एक रेषा अग्रकक्षाच्या, म्हणजे दफनकक्षाच्या आधी लागणाऱ्या खोलीच्या, पश्चिम भिंतीच्या सरळ पुढे येते. म्हणजे अग्रकक्ष हा मुळात उत्तरेकडे जाणारा रुंद बोळ होता, तुतानखामूनसाठी तो मध्येच अडवून रंगवला आणि खरं थडगं पुढे आहे, अशी मांडणी त्यांनी जुलै २०१५ मध्ये केली. थडगं उतारावरून आत गेल्यावर उजवीकडे वळतं, आणि उजवं वळण राणीच्या थडग्याचं लक्षण, असाही त्यांचा एक मुद्दा होता.

अशी फसवी भिंत इजिप्तमध्ये खरोखर बांधत. होरेमहेबच्या आणि पहिल्या सेतीच्या थडग्यात विहिरीच्या खोलीची (वाटेतल्या खोल खड्ड्याच्या खोलीची) पलीकडची भिंत गिलावा करून रंगवलेली होती, जणू थडगं तिथेच संपलं. चोरांनी ती फोडली होती, म्हणून आपल्याला कळलं. तुतानखामूनच्या थडग्यातही पुरावा आहे. अग्रकक्षाच्या उत्तर टोकाला दोन काळ्या रक्षक पुतळ्यांच्या मध्ये थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टर यांना गिलावा केलेला, मोहरा उठवलेला बंद दरवाजा मिळाला आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये त्यांनी तो फोडला. त्या आडभिंतीच्या आतल्या अंगावर दफनकक्षाचं दक्षिणेकडचं चित्र होतं. अर्धं चित्र अखंड खडकावर, अर्धं रचलेल्या दगडांवर, आणि वरून सांधा ओळखू येत नव्हता. ती फोडताना इसिसच्या मागे बसलेल्या तीन देवांची चित्रं गेली. आणखी जवळून पाहायचं तर दफनकक्षाच्या चारही भिंतींत एकेक छोटा कोनाडा होता. आत मंत्रवीट (मृताच्या रक्षणासाठी मंत्र लिहिलेली वीट), तोंडावर चुनखडीचा चपटा तुकडा, वरून गिलावा आणि रंग. तेव्हा ‘रंगवलेल्या भिंतीमागे काही असूच शकत नाही’ हा आक्षेप टिकत नाही.

पण रेषा म्हणजे दरवाजा नव्हे. छिन्नीने खडक सपाट करताना राहिलेली कड, खडकातली नैसर्गिक चीर, एका दिवसाचा गिलावा संपून दुसऱ्या दिवशीचा सुरू झाला तो सांधा, या तिन्हींतून सरळ रेषा उमटते. चुनखडीतल्या चिरा तर अनेकदा सरळ आणि एकमेकींना काटकोनात असतात. म्हणून आत पाहण्याची गरज पडली आणि गोष्ट आमच्या, म्हणजे रडारने आतलं शोधणाऱ्यांच्या, क्षेत्रात आली.

जमिनीत शिरणारं रडार चालतं असं. अँटेना विद्युतचुंबकीय तरंगाचा एक छोटा ठोका भिंतीत सोडते. पदार्थ बदलतो तिथून त्यातला काही भाग परत येतो. यंत्र फक्त दोन गोष्टी नोंदवतं: किती नॅनोसेकंदांनी परत आला आणि किती जोरात. ते किती खोलवर आहे हे आपण हिशेबाने काढतो. कोरड्या चुनखडीत तरंग नॅनोसेकंदाला सुमारे १० सेंटिमीटर जातो, हवेत ३० सेंटिमीटर. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढची सगळी गफलत यांच्यातूनच निघते.

परावर्तन किती जोरात येणार हे दोन पदार्थांच्या विद्युत गुणधर्मातल्या फरकावर ठरतं. चुनखडीचा परावैद्युत स्थिरांक (पदार्थ तरंगाला किती मंदावतो ते सांगणारा आकडा, हवेचा १) साधारण ८ धरला आणि मागे हवा असली, तर तरंगाच्या उंचीचा जवळजवळ निम्मा भाग, ४८ टक्के, परत फिरतो. ही प्रचंड मोठी आरोळी आहे, नवशिक्यालाही दिसेल. मागे हवा नसून चुनखडीच्याच कपच्यांचा सैल भराव असेल, स्थिरांक समजा ५.५, तर परत येतो ९ टक्के. आणि त्याच दरीतल्या दगडांची घट्ट रचलेली भिंत खडकाला टेकली असेल तर फरक जवळपास शून्यावर येतो. रडारला हवा उत्तम दिसते, भराव अंधुक दिसतो, आणि खडकाला लागून असलेलं त्याच खडकाचं बांधकाम बहुतेक दिसतच नाही. लोक दरवाजा शोधायला निघतात. शोधायची असते ती त्यामागची हवा.

चुनखडी ही रडारसाठी चांगली जागा आहे, हेही सांगायला हवं. आपल्याकडच्या काळ्या मातीत हेच यंत्र एक-दीड मीटरमध्ये आंधळं होतं, कारण चिकणमाती आणि ओल तरंग पिऊन टाकतात. लक्सरचा कोरडा खडक त्यामानाने पारदर्शक आहे. त्यामुळे तिथे दोन मीटरची रिकामी खोली असून ती दिसली नाही, तर सबब सांगायला जागा कमी राहते.

आता चूक कुठे होते ते. दफनकक्ष सुमारे ६.४ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे. तुम्ही उत्तर भिंतीला अँटेना लावली की सगळा तरंग भिंतीत जात नाही, काही मागे, खोलीच्या हवेत सांडतो. तो ४ मीटरवरच्या दक्षिण भिंतीला आपटून परत येतो. जाऊन-येऊन ८ मीटर, हवेचा वेग, म्हणजे सुमारे २६.७ नॅनोसेकंद. यंत्राला हा तरंग मागून आला हे कळत नाही. ते त्याला खडकाचा वेग लावतं आणि दाखवतं: भिंतीच्या आत १.३३ मीटरवर एक सरळ, सपाट, सलग पृष्ठभाग. अगदी दडवलेल्या खोलीची भिंत असावी तसा! पश्चिम भिंतीवर तेच केलं तर समोरची पूर्व भिंत २.१ मीटर आत उगवते. मध्ये क्वार्टझाइटची मोठी दगडी शवपेटी आहे, वर साडेतीन मीटरवर छत आहे, शिवाय कठडे, दिवे, हवा खेळवण्याची यंत्रं. यातलं प्रत्येक जण आपली सावली भिंतीच्या आत टाकतं. अँटेना जितकी कमी कंप्रतेची तितकं तिचं कवच निकामी आणि हा त्रास जास्त.

त्यात चित्रांमुळे अँटेना भिंतीला टेकवता येत नाही. ती काही सेंटिमीटर दूर धरून सरकवावी लागते. मध्ये हवेची फट राहिली की पहिलाच मोठा ठोका रंगाच्या पृष्ठभागावरून परततो, खडकात कमी ऊर्जा शिरते आणि बाहेर सांडणारी वाढते. हात थोडा हलला की फट बदलते आणि आतले थर नागमोडी दिसू लागतात.

खरं परावर्तन आणि सावली यांत फरक करायच्या युक्त्या आहेत, आणि पाहणीवर विश्वास ठेवायचा की नाही हे त्या वापरल्या का यावर ठरवावं. पहिली युक्ती वक्राची. एखाद्या बिंदूवजा वस्तूवरून अँटेना सरकली की नोंदीत कमानीसारखा वक्र उमटतो. कमान किती पसरट आहे त्यावरून तरंगाचा वेग निघतो. वेग १० सेंटिमीटर निघाला तर वस्तू खडकात आहे, ३० निघाला तर ती खोलीत तुमच्या पाठीमागे आहे. दुसरी युक्ती अँटेना ९० अंशांत फिरवून तीच रेघ पुन्हा घ्यायची. तिसरी वेगवेगळ्या कंप्रतांची. १५० मेगाहर्ट्झला खडकातली तरंगलांबी ६७ सेंटिमीटर असते, पोच मोठी पण नजर जाडसर. ४०० ला २५ सेंटिमीटर. ३ गिगाहर्ट्झला जेमतेम ३.३ सेंटिमीटर, तिथे गिलाव्यामागचा सांधाही दिसू शकतो पण पोच काही डेसिमीटर. खरी पोकळी सगळ्या योग्य कंप्रतांत त्याच जागी दिसली पाहिजे. चौथी खूण चिन्हाची: खडकाकडून हवेकडे जाताना परावर्तित ठोका सुलटा येतो, धातूवर उलटा. पाचवी, आणि मला सर्वांत भरवशाची वाटते ती, मागच्या भिंतीची. खोली असेल तर तिची अलीकडची आणि पलीकडची, अशा दोन कडा दिसायला हव्यात. २ मीटर रुंद पोकळी ओलांडून परत यायला १३.३ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे पलीकडची कड नोंदीत अलीकडच्या मागे फक्त ६७ सेंटिमीटरवर दिसेल. हा हिशेब न करता कुणी ‘६७ सेंटिमीटरची फट सापडली’ म्हणालं किंवा पलीकडची कड दोन मीटरवर शोधत बसलं, तर दोघांचंही चुकलं.

प्रक्रिया करतानाचा एक सापळा मुद्दाम सांगतो, कारण तो अनुभवी लोकांनाही पकडतो. अँटेनाचा स्वतःचा गुणगुणाट काढून टाकण्यासाठी सगळ्या नोंदींची सरासरी काढून ती प्रत्येकीतून वजा करतात. गुणगुणाट जातो. पण भिंतीला समांतर, संपूर्ण रेघभर सपाट असलेली खऱ्या खोलीची कडही त्याच सरासरीत असते, तीही जाते! उलट, खोलवरचे क्षीण संकेत उजळण्यासाठी आपोआप वाढवणारी मात्रा लावली की नुसता गोंगाटही खोलीसारखा ठसठशीत दिसतो. म्हणून वजाबाकीच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही चित्रं शेजारी ठेवूनच वाचायची, आणि कच्ची नोंद दुसऱ्याला तपासायला द्यायची.

हे सगळं मनात ठेवून चार पाहण्यांकडे बघा. त्याआधी नोव्हेंबर २०१५ च्या सुरुवातीला अवरक्त कॅमेऱ्याने तापमान मोजलं गेलं आणि उत्तर भिंतीवर एका पट्ट्यात फरक आढळला. ही पद्धत वरच्या थरापुरतीच आहे. गिलाव्याची जाडी बदलली, ओल बदलली, तरी तापमान बदलतं. त्यावर फार वेळ घालवू नये.

पहिलं रडार नोव्हेंबर २०१५ च्या शेवटी जपानी रडारतज्ज्ञ हिरोकात्सु वातानाबे यांनी चालवलं. तेव्हाचे पुरातत्त्व मंत्री ममदूह अल-दमाती यांनी ९० टक्के शक्यता असल्याचं जाहीर केलं, आणि मार्च २०१६ मध्ये दोन पोकळ्या आणि त्यात धातू व सेंद्रिय पदार्थ असल्याचं सांगण्यात आलं. माझा सर्वांत मोठा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. रडार परावर्तनाची वेळ आणि जोर देतं, पदार्थाचं नाव देत नाही. धातूची शंका ठोक्याच्या चिन्हावरून घेता येते. ‘सेंद्रिय’ हा निष्कर्ष मात्र रडारच्या नोंदीतून निघतच नाही. लाकूड, कापड आणि सैल भराव यांचे स्थिरांक एकमेकांत मिसळलेले असतात. शिवाय त्यांचं यंत्र त्यांनी स्वतः बदल करून घेतलेलं होतं आणि त्याची नोंद इतरांच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तपासता येत नव्हती. जी नोंद दुसरा वाचू शकत नाही ती चूक की बरोबर हा प्रश्नच उद्भवत नाही, ती पुरावा म्हणून धरताच येत नाही.

दुसरी पाहणी २०१६ च्या वसंतात नॅशनल जिओग्राफिकच्या तंत्रज्ञांनी केली. नोंद रडार-प्रक्रियेतले जाणकार डीन गुडमन यांनी तपासली आणि पोकळी असती तर जे जोरदार परावर्तन दिसायला हवं ते नाही, असा निष्कर्ष निघाला. मे २०१६ मधल्या कैरोच्या परिषदेत दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. तोवर मंत्री बदलले होते. पोकळीची पूर्ण खात्री झाल्याशिवाय भिंतीला छिद्र पाडणार नाही, ही नवे मंत्री खालेद अल-अनानी यांची भूमिका अगदी योग्य होती.

तिसरी पाहणी तुरीनच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाचे फ्रान्चेस्को पोर्चेल्ली यांच्या नेतृत्वाखाली जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली. वेगवेगळ्या पथकांची यंत्रं, १५० मेगाहर्ट्झपासून ३ गिगाहर्ट्झपर्यंतच्या अँटेना, दाट रेघा, आणि एकमेकांपासून स्वतंत्र विश्लेषण. मी वर सांगितलेल्या बहुतेक कसोट्या इथे लागल्या. निकाल मे २०१८ मध्ये जाहीर झाला: अखंड खडक संपून बांधीव भिंत सुरू होते अशी ठळक सीमा नाही, दरवाजाची चौकट किंवा पाटा नाही, खोलीची भिंत किंवा पोकळी म्हणता येईल असा सपाट परावर्तक नाही. मी ज्या खात्रीने ‘मोकळी खोली नाही’ म्हणतो ती मुख्यतः या पाहणीवर उभी आहे.

मग २०२० ची बातमी? अल-दमाती यांच्या पथकाने टेराव्हिजन या कंपनीच्या मदतीने थडग्याच्या भोवती, बाहेरूनही, रडार फिरवलं. त्याचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये ‘नेचर’ने बातमी म्हणून दिला. दफनकक्षापासून काही मीटर पूर्वेला, त्याच पातळीवर, प्रवेशमार्गाला समांतर, सुमारे २ मीटर उंच आणि निदान १० मीटर लांब बोळवजा जागा असावी असं त्यात होतं. नीट पाहा, ही जागा २०१५ च्या दाव्यातली नाही. ती रंगवलेल्या भिंतींच्या लगत मागे नाही, काही मीटर बाजूला आहे. त्यामुळे २०१८ चा निकाल आणि ही बातमी एकमेकांना खोडत नाहीत. ती तुतानखामूनच्या थडग्याशी जोडलेली आहे की शेजारचं वेगळं थडगं, की चिरांचा पट्टा, हे त्या नोंदीवरून ठरत नाही. शेजारी काही असणं अशक्य नाही. अवघ्या १५ मीटरच्या आसपास केव्ही ६३ (राजांच्या दरीतल्या थडग्यांच्या यादीतला ६३ वा क्रमांक) ही खोली कामगारांच्या झोपड्यांखाली दडलेली होती आणि ती २००६ मध्ये उघडली गेली.

म्युऑन, म्हणजे आकाशातून येऊन दगडातूनही आरपार जाणारे सूक्ष्म कण, का वापरत नाहीत, असं बरेचजण विचारतात, कारण खुफूच्या पिरॅमिडमध्ये त्या पद्धतीने यश आलं. तिथे उत्तर बाजूच्या ९ मीटर लांबीच्या बोळाचा पत्ता म्युऑन, रडार आणि अल्ट्रासाउंड या तिघांनी मिळून दिला आणि मग दगडांच्या सांध्यातून बारीक एंडोस्कोप घालून २०२३ मध्ये तो डोळ्यांनी पाहिला गेला. पण म्युऑन वरून येतात. शोधायची पोकळी यंत्राच्या वर असावी लागते. इथे जागा यंत्राच्या बाजूला, त्याच पातळीवर आहे आणि आडवे येणारे म्युऑन फारच थोडे. गुरुत्वमापकाचंही तेच, तो उभी ओढ मोजतो, बाजूची पोकळी त्याला जवळजवळ जाणवत नाही. ठोकून ऐकण्याच्या पद्धती चित्रांमुळे बाद. छिद्र पाडायचं म्हटलं तर पाण्याशिवाय, कोरडं पाडावं लागेल, आणि कंपनाने गिलावा सुटण्याचा धोका आहेच. कधी वेळ आलीच तर ते दफनकक्षाला लागून असलेल्या, रंग नसलेल्या खजिन्याच्या खोलीतून पाडावं, चित्राच्या भिंतीतून कधीही नाही.

रीव्ह्ज यांच्या मांडणीतला चित्रांचा भाग मात्र रडारने निकालात निघत नाही, आणि ‘रडार नाही म्हणालं म्हणून सगळंच खोटं’ असं म्हणणारे घाई करतात. उत्तर भिंत खरंच वेगळी आहे. इतर तीन भिंतींवर पिवळा रंग थेट दिला आहे, उत्तरेला आधी पांढरट पार्श्वभूमी होती आणि पिवळा नंतर भरला. कलेच्या इतिहासकार गे रॉबिन्स यांनी दाखवलं की उत्तरेच्या आकृती अमार्ना काळच्या (तुतानखामूनच्या थोड्या आधीच्या, अखेनातेन राजाच्या काळच्या) २० चौकोनी जाळीवर बेतल्या आहेत आणि दक्षिणेच्या जुन्या १८ चौकोनी जाळीवर. वेगळे चित्रकार आणि थोडा वेगळा काळ, एवढं यावरून मानायला मी तयार आहे. तुतानखामूनच्या पुरणसामानातलं बरंच काही आधी अंखखेपेरुरे या नावाच्या व्यक्तीसाठी (रीव्ह्ज यांच्या मते नेफरतितीसाठीच) बनलेलं होतं, हे आतड्यांसाठीच्या छोट्या सोनेरी पेट्यांच्या आत खोडून बदललेल्या नावांवरून दिसतं. २०२२ मध्ये रीव्ह्ज यांनी उत्तर भिंतीवर तुतानखामूननंतरचा राजा आय याच्या नावाखाली तुतानखामूनचं नाव दडल्याचाही दावा केला. ते खरं निघालं तर दृश्यातला मृत राजा कोण, हा प्रश्न उभा राहतो. पण चित्र आधी दुसऱ्यासाठी काढलेलं असणं आणि त्यामागे दुसऱ्याचा मृतदेह असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली थराथराने रंग तपासून ठरेल, दुसरीला पोकळी लागते.

उरतो तो ठासून भरलेला बोळ. त्यासाठी उच्च कंप्रतेच्या अँटेनाने उत्तर भिंतीची ती एकच उभी रेषा ओलांडणाऱ्या, सेंटिमीटरभर अंतराच्या आडव्या रेघा घ्याव्यात, हवा खेळवणारी यंत्रं बंद ठेवून, आणि शेजारी तुलनेसाठी दक्षिण भिंतीत कार्टरच्या आडभिंतीचा जो भाग अजून उभा आहे त्यावरही तशाच घ्याव्यात. दगडी बांधकाम आणि खडक यांचा सांधा तिथे नक्की आहे हे माहीत आहे. त्या ज्ञात सांध्याची सही कशी उमटते ते आधी पाहायचं, मग उत्तरेच्या रेषेवर तशी सही आहे का ते शोधायचं.